एका सुईचे अकरा जण

देओक्लेसियोच्या तळहातात मांदी माशाचा काटा घुसला तो एका मंगळवारी सकाळी. चाळीस वर्षं ब्राझीलमधल्या साओ फ्रान्सिस्को नदीवर मासे धरलेला माणूस, पण त्या दिवशी जाळं सोडवताना त्याने नवशिक्यासारखा हात घातला. मांदी शिंगाळ्याच्या जातीचा. त्याचा काटा करवतीसारखा असतो आणि त्यात विषही असतं. तो आतच मोडला. देओने दातांनी ओढून पाहिला, चाकूच्या टोकाने कोरून पाहिला, वरून उसाची दारू ओतली आणि फडकं गुंडाळून उरलेले मासे विकून टाकले. दुपारी त्याची बायको झुल्मिरा शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटोपून घरी आली, तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला होता आणि देओ भिंतीकडे तोंड करून पडला होता.

उद्या बघू, तो म्हणाला.

"उद्या हात कापायला न्यावं लागलं तर मी येणार नाही, म्हाताऱ्या," झुल्मिरा म्हणाली. "मला शाळेत तीनशे पोरांचा भात टाकायचा असतो." आणि तिने शेजाऱ्याची गाडी दारात उभी केली.

पिरापोराच्या इस्पितळातल्या तातडीच्या विभागात देओ यापूर्वी एकदाच आला होता, तोही सासऱ्याला घेऊन. त्याला स्वतःला डॉक्टर लागत नसे, याचा त्याला अभिमान होता. भागातल्या आरोग्य केंद्रातली बाई वर्षातून दोनदा घरी येऊन जायची. ती फाटकाशी दिसली की देओ मागच्या दाराने नदीवर जायचा.

डॉक्टरांनी हात सुन्न करून काटा काढला. मग एदिलेनी नावाच्या परिचारिकेने तो हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवला. एदिलेनी चाळिशीची, केस घट्ट बांधलेली, आवाजाने शाळेतल्या बाईंसारखी. गरम पाण्याने माशाचं विष उतरतं, कळ थांबते, असं तिने सांगितलं आणि खरंच पाच मिनिटांत कळ थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच देओला नीट श्वास घेता आला. त्या क्षणी एदिलेनीने काहीही मागितलं असतं तरी त्याने दिलं असतं.

"धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत, सेऊ देओ?" तिने विचारलं. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने सेऊ म्हणतात, बाईला दोना.

"लष्करात होतो तेव्हा. सत्त्याहत्तर साली."

एदिलेनीने हातातला कागद खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिने विचारलं, फ्लूची लस? नाही. कावीळ बीची? नाही. रक्त कधी तपासलंय? कशाला तपासायचं, देओ म्हणाला, माझा हात दुखतोय, बाकी मी ठणठणीत आहे.

"ठणठणीत माणसं आरोग्य केंद्रात येत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून आम्ही त्यांना इथे गाठतो. पाय मोडला, बोट कापलं, मासा चावला की येतात बिचारे. आज तुम्ही गळाला लागलात."

तिने सगळं समजावून सांगितलं. धनुर्वाताची लस तर द्यावीच लागेल. बाकीच्या दोन घ्यायच्या की नाही हे त्याने ठरवायचं. शिवाय बोटाला सुई टोचून चार थेंब रक्त घेतलं तर वीस मिनिटांत चार आजारांची तपासणी होते, तीही त्याची इच्छा असेल तरच. सहा महिन्यांपासून त्यांच्या विभागात हे सुरू होतं. पैसे लागत नव्हते. देओ म्हणाला, टोचा, एवीतेवी आज टोचून घ्यायचाच दिवस आहे. बाजूला उभी असलेली झुल्मिरा हसली आणि गाडीवाल्या शेजाऱ्याला घरी पाठवायला बाहेर गेली.

वीस मिनिटांनी एदिलेनी आली, त्याला छोट्या खोलीत घेऊन गेली आणि तिने दार लावून घेतलं. टेबलावर चार पांढऱ्या पट्ट्या मांडल्या होत्या. तीन पट्ट्यांवर एकेक रेघ होती, चौथीवर दोन.

ती काहीही न लपवता बोलली. या पट्टीचं नाव हेपॅटायटिस सी. हा यकृताचा आजार, रक्तातून रक्तात जातो. त्याचा विषाणू देओच्या शरीरात कधीतरी शिरला होता एवढंच ही पट्टी सांगते. अजून आत आहे की नाही, ते कळायला हातातून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवावं लागेल. आत असला तर तीन महिने गोळ्या घ्यायच्या. त्या सरकारकडून मिळतात. आणि मग तो जातो.

"दबतो म्हणत नाहीये मी," ती म्हणाली. "जातो."

पण देओने नाव ऐकल्यानंतरचं फारसं ऐकलंच नव्हतं. त्याने विचारलं, कुणाकडून आलं हे? एदिलेनी म्हणाली, ते शोधून काढायलाच हवं असं नाही, पण आठवत असेल तर सांगा, कारण त्यातून दुसऱ्या कुणाला मदत होते. कधी रक्त चढवलंय? नाही. शस्त्रक्रिया? नाही. अंगावर गोंदवून घेतलंय? झुल्मिराने घराबाहेर काढलं असतं.

"जुन्या काळी काचेच्या सिरिंजने इंजेक्शनं घेतली होती का? एकाच सिरिंजने पुष्कळांनी?"



बार्केइरो फुटबॉल संघाची कपडे बदलायची खोली देओच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. विटांच्या भिंती, वर पत्रा, घामाचा आणि कापराच्या तेलाचा वास. देओ एकोणीस वर्षांचा, डाव्या कडेने धावणारा. बार्केइरो म्हणजे नावाड्यांचा, गोदीतल्या हमालांचा, कोळ्यांचा संघ. रविवारी चार वाजता सामना असायचा आणि साडेतीनला सगळे बाह्या वर करून रांगेत उभे राहायचे. सेऊ ओनोफ्री यायचे. आठवडाभर ते औषधाच्या दुकानात पुड्या बांधायचे, रविवारी संघाचं मालिश करायचे, मुरगळलेले पाय बसवायचे, ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याला बाजूला घेऊन भाकरतुकडा द्यायचे. त्यांच्याकडे चकचकीत डबी होती आणि तिच्यात काचेची सिरिंज. ग्लुकोज आणि जीवनसत्त्वं, ताकदीसाठी. एका हातातून दुसऱ्या हातात. अकरा जण, वर तीन राखीव. सात वर्षं. कुणाला नको वाटलं नाही. उलट ज्याला इंजेक्शन मिळायचं नाही त्याला वाटायचं आपल्याला संघातून काढलं.

हे त्याने एदिलेनीला सांगितलं. ती लिहीत नव्हती, नुसतं ऐकत होती.

देओने झुल्मिराला पट्टीचं सांगितलं. बाहेर बाकावर तिने पहिला प्रश्न हाच केला की ती बाई कोण. देओने काचेच्या सिरिंजचं सांगितलं तेव्हा ती उठून एदिलेनीकडे गेली आणि बोट पुढे केलं. तिच्या चारही पट्ट्यांवर एकेकच रेघ आली. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो त्याचं काय, असं तिने दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा एदिलेनीने न कंटाळता सांगितलं की हा आजार ताटातून, पेल्यातून, मिठीतून जात नाही. झुल्मिराचा जीव भांड्यात पडला. मग तिथेच बाकावर बसून तिने देओचा सुजलेला हात मांडीवर घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

तीन आठवड्यांनी रक्ताचा अहवाल आला. विषाणू आत होता. यकृत तपासायला देओला मोंतेस क्लारोसला पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवून सांगितलं की यकृतावर व्रण पडले आहेत, चारांतल्या तिसऱ्या पायरीवर आहात, चौथी अजून आलेली नाही. काही दुखत नव्हतं का, त्यांनी विचारलं. काहीच नाही, देओ म्हणाला. संध्याकाळी थोडा थकवा यायचा, तो वयाचा समजलो. बाई म्हणाल्या, हा आजार असाच असतो, चार-पाच वर्षांनी आला असतात तर मला वेगळं बोलावं लागलं असतं. दारू त्याच दिवशी बंद झाली.

परतीच्या बसमध्ये देओच्या मनात स्वतःचा विचार कमी आणि जुरांदिरचा जास्त होता. जुरांदिर बार्केइरोच्या मधल्या फळीत खेळायचा. मितभाषी, चर्चमधल्या गायनात आवाज लावणारा. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि एका सकाळी रक्ताची उलटी होऊन तो गेला. सगळं गाव म्हणालं, चोरून पीत असणार. यकृत गेलं म्हणजे दुसरं काय. देओने जुरांदिरला कधी पिताना पाहिलं नव्हतं, तरी अंत्ययात्रेत लोक बोलत होते तेव्हा त्यानेही हो म्हणून मान हलवली होती. ते मान हलवणं आता बसमध्ये त्याला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

गोळ्यांचा कागद घ्यायला तो इस्पितळात गेला, तेव्हा एदिलेनीने विचारलं की त्या संघातले किती जण हयात आहेत. देओने बोटांवर मोजले. चौदातले पाच गेले. एक गोयानियाला राहतो. बाकी आठ इथेच, त्याला धरून. त्यांना आणता येईल का, तिने विचारलं. देओ म्हणाला, ते तुमच्याकडे यायचे नाहीत. आणि मी सांगायला गेलो तर सिरिंजचं सांगावं लागेल, म्हणजे सेऊ ओनोफ्रींचं नाव घ्यावं लागेल. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी आम्हाला माणसात आणलं.

एदिलेनी म्हणाली, मग आधी त्यांच्याकडेच जा.

देओ आठ दिवस गेलाच नाही. नवव्या दिवशी झुल्मिराने मक्याच्या पिठाचा केक त्याच्या हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली.

सेऊ ओनोफ्री नातीच्या घरी, पुढच्या ओसरीवर खुर्चीत बसलेले असत. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. देओ फाटकातून आत आला तसे ते म्हणाले, डावा पाय अजून ओढतोस, म्हणजे मी सांगितलेला व्यायाम केला नाहीस. देओ हसला. मग नदीला पाणी किती, केक कसा झालाय, गोदीजवळचा पूल कधी दुरुस्त होणार, असं अर्धा तास बोलणं झालं. शेवटी म्हातारबाबाच म्हणाले, तू काही केक द्यायला आलेला नाहीस.

देओने सांगितलं. मासा, पट्टी, मोंतेस क्लारोस, सगळं. सिरिंजपाशी आल्यावर त्याचा आवाज इतका खाली गेला की ओनोफ्रींनी कानाशी हात नेला, आणि त्याला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

म्हाताऱ्याने कानाशी नेलेला हात खाली घेतला. आत नात भांडी घासत होती.

"उकळायचो मी ती," ते म्हणाले. "सामन्याआधी एकदा. मग सुई बदलायचो कधीकधी. वेळ नसायचा."

"मला माहीत आहे."

"जुरांदिर?"

"आता ते कळायचं नाही, सेऊ ओनोफ्री. पण तो पीत नव्हता."

"नव्हता. दर रविवारी त्याचं अंग माझ्या हाताखाली असायचं. पिणाऱ्याचा घाम मला कळतो. लोक बोलत होते तेव्हा मी त्याच्या घरासमोर उभा होतो. गप्प बसलो. मला वाटलं, माझं चुकत असेल."

देओने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आपणही मान हलवली होती, हे त्याने सांगितलं. एवढ्या वर्षांत तो हे पहिल्यांदाच कुणापाशी बोलला.

थोड्या वेळाने ओनोफ्रींनी नातीला हाक मारून फोन मागितला. देओ म्हणाला, मी जातो सगळ्यांकडे, तुम्ही कशाला. म्हातारबाबांनी नाही म्हणून मान हलवली.

"तुझं कोण ऐकणार? चेंडू कधी सोडायचा हे तुला सात वर्षांत कळलं नाही. पोरांना मी बोलावतो."

पोरं म्हणजे पासष्टीच्या आगेमागेचे आजोबा. नात क्रमांक लावून द्यायची आणि ओनोफ्री फोनवर एवढंच सांगायचे: शनिवारी सकाळी आठ वाजता इस्पितळाच्या तातडीच्या दारात, बाही वर सारता येईल असा सदरा घालून. कारण विचारलं तर म्हणायचे, तिथे सांगेन. सगळ्यांना वाटलं म्हातारा आता जातो, शेवटचं भेटायचं असेल. म्हणून सगळे आले. सातही जण, दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून. पियाबा नावाचा, तेव्हाही इवलासा आणि आता आणखी आटलेला, फुलं घेऊन आला होता. ओनोफ्रींना धडधाकट उभं पाहिल्यावर ती फुलं कुठे ठेवावीत ते त्याला कळेना.

एदिलेनीने आधीच वरिष्ठांशी बोलून बाजूची खोली घेतली होती. शनिवारी सकाळी तिथे गर्दी कमी असते. ओनोफ्रींनी बसून बोलायला नकार दिला. नातीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं की त्या इंजेक्शनांमधून एकाचा आजार दुसऱ्याला गेला असावा, देओला तो सापडलाय, आणि आज प्रत्येकाने बोट पुढे करायचं आहे. क्षमा मागतो, असं म्हणाले. मग खाली बसले.

गोलकीपर वाल्दिविनो उठला. धिप्पाड माणूस, पण वर्षभरात त्याचे पाय सुजायला लागले होते आणि चेहरा काळवंडला होता. माझे पाय कशाने सुजतात ते आज सांगताय होय, एवढंच तो बोलला आणि दार ढकलून बाहेर गेला. काचेतून तो आंब्याच्या झाडाखाली पाठमोरा बसलेला दिसत होता. देओ उठायला लागला, पण ओनोफ्रींनी त्याला बसवलं आणि स्वतः नातीचा हात धरून गेले. झाडाखाली पोहोचल्यावर नातीला त्यांनी परत पाठवलं. दोघं तिथे पाऊण तास होते. काय बोलले ते दोघांनीही नंतर कुणाला सांगितलं नाही. परत आले तेव्हा ओनोफ्रींचा हात वाल्दिविनोच्या खांद्यावर होता, आणि आत येताच वाल्दिविनोने बाही वर केली. एदिलेनी म्हणाली, बाही नको, बोट पुरे. तेव्हा पियाबा फिसकन हसला आणि मग सगळेच हसले, वाल्दिविनोसुद्धा.

सात जणांपैकी चौघांच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. पुढे प्रयोगशाळेचे अहवाल आले तेव्हा पियाबाच्या रक्तात विषाणू नव्हताच. काहींचं शरीर त्याला आपणहून हुसकावतं, असं एदिलेनीने सांगितलं. त्यानंतर महिनाभर पियाबा गावात सांगत फिरला की मी लहान असलो तरी आतून बळकट आहे. उरलेले तिघं आणि देओ. वाल्दिविनोचं यकृत चौथ्या पायरीवर होतं.

त्या शनिवारी सर्वांत शेवटी सेऊ ओनोफ्रींनी बोट पुढे केलं. त्यांनीही दोनदा-तीनदा ते इंजेक्शन घेतलं होतं. वीस मिनिटं ते ताठ बसून होते. एदिलेनीने खाली वाकून सांगितलं, तुमच्या पट्टीवर एकच रेघ आहे, तुम्हाला काही नाही. म्हातारा ओक्साबोक्शी रडायला लागला. पोरांना लागलं आणि मी कोरडा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

एदिलेनी त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. त्या काळी या विषाणूला नावसुद्धा नव्हतं, ती म्हणाली, शहरातल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हता, तुम्हाला कसा असणार.

"नाव नव्हतं," ओनोफ्री म्हणाले, "पण दुसरी सिरिंज होती. कपाटात. नवी होती म्हणून जपून ठेवली होती."

एदिलेनीने त्यांचा हात हातात घेतला आणि ते शांत होईपर्यंत सोडला नाही. बाहेर कुणीतरी तिला हाका मारत होतं, तरी ती उठली नाही. मग तिने विचारलं, फ्लूची लस कुठल्या दंडात देऊ? ओनोफ्रींनी डावा दंड पुढे केला. त्या सकाळी सातही जणांनी लस घेतली आणि त्यांच्याबरोबर ओनोफ्रींनीही.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर देओ आणि ओनोफ्री जुरांदिरच्या बायकोकडे, दोना सेलिनाकडे गेले. ती शिवणकाम करून दोन मुलं वाढवलेली बाई. गावाशी फटकून राहायची, आणि का राहायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिने त्यांना आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. ओनोफ्रींनी सांगितलं. खात्रीने आता काहीच म्हणता येणार नाही, हेही सांगितलं, कारण एदिलेनीने तसं बजावलं होतं. पण ज्या रांगेत आम्ही सगळे होतो त्याच रांगेत तो होता, देओच्या पुढचा.

सेलिना बसली, आणि ते दोघंही बसले.

"मी त्याचे पेले हुंगायची," ती म्हणाली. "तो झोपला की कपाटं शोधायची. एकदा त्याने पाहिलं मला. काही बोलला नाही, कपाटाचं दार धरून उभा राहिला, मला नीट दिसावं म्हणून."

देओला वर बघवेना.

"इतकी वर्षं मी त्याला माफ करत होते, सेऊ ओनोफ्री. रोज प्रार्थनेत. माफ करण्यासारखं त्याने काही केलंच नव्हतं."

ओनोफ्री म्हणाले, दोष माझा आहे, मला शिव्या घाल. सेलिनाने डोळे पुसले आणि म्हणाली की तुम्ही हे सांगायला आला नसतात तर शिव्या घालणं सोपं गेलं असतं. तुम्ही स्वतःच्या पायांनी आलात. मला माझा माणूस परत आणून दिलात. मग ती आत गेली, कॉफी आणि चीजचे गरम गोळे घेऊन आली, आणि जुरांदिर दाढी करताना कसा गायचा ते सांगत बसली. दुपार कधी कलली ते तिघांनाही कळलं नाही. निघताना देओने तिलाही तपासून घ्यायला सांगितलं. ती सोमवारी गेली आणि निर्धास्त होऊन आली.

गोळ्या सुरू झाल्या. रोज एकाच वेळी घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही. सकाळी सातच्या ठोक्याला चारही घरांत फोन वाजायचा. ओनोफ्री विचारायचे, घेतली का? तोंडात असताना बोलू नकोस, आधी गीळ. झुल्मिरा म्हणायची, माझं लग्न कुणाशी झालंय, तुझ्याशी की त्या म्हाताऱ्याशी. चौऱ्याऐंशी दिवस एकाही दिवशी तो फोन चुकला नाही. ओनोफ्रींना स्वतःला ताप आला होता तेव्हा नातीने क्रमांक लावला आणि त्यांनी अंथरुणातून विचारलं.

गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी शेवटचं रक्त तपासलं. चौघांच्याही कागदावर एकच शेरा होता: आढळला नाही. वाल्दिविनोला दर सहा महिन्यांनी पोट तपासायला जावं लागणार आहे, आयुष्यभर. पण पायांची सूज उतरली आहे आणि तो नातवाला घेऊन नदीपर्यंत चालत जातो.

कागद मिळाला त्या दिवशी देओ इस्पितळात गेला. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, काय होतंय? काही नाही, देओ म्हणाला. काही होत नसेल तर इथे काय काम, असा रखवालदाराचा रास्त प्रश्न होता. देओने कागद दाखवला, पण रखवालदाराला त्यातलं काही कळलं नाही. शेवटी एदिलेनीच बाहेर आली. देओने वाटेत चार-पाच चांगली वाक्यं जुळवली होती. तुम्ही त्या दिवशी नुसता काटा काढून मला घरी पाठवू शकला असतात, असं काहीसं. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. त्याने कागद पुढे केला. तिने तो उभ्या उभ्या वाचला, मग पुन्हा वाचला, आणि त्याला घट्ट मिठी मारली. आत एक पडून लागलेली म्हातारी आणि दोन तापाची मुलं थांबली होती, म्हणून तिला लगेच जावं लागलं. जाता जाता तिने सांगितलं की गोदीवरच्या कोळ्यांना घेऊन या. देओ म्हणाला, आणतो. पुढच्या दोन महिन्यांत त्याने एकोणीस जण आणले. पहिल्या तिघांना त्याने खोटंच सांगितलं होतं की तिथे फुकट नाश्ता मिळतो. झुल्मिराला हे कळल्यावर ती शनिवारी शाळेतून कॉफीची मोठी किटली इस्पितळात आणायला लागली.

ऑगस्टमध्ये जुरांदिरचा जन्मदिवस येतो. यंदा सेलिनाने त्याच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. पाद्रीबाबांनी वेदीवरून नाव घेतलं, आणि सेलिनाच्या सांगण्यावरून पुढे एवढंच म्हणाले की हा माणूस आजारपणाने गेला. चर्चमध्ये चुळबूळ झाली. पहिल्या दोन बाकांवर बार्केइरोचे आठ जण बसले होते, त्यांच्यापैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही.

नंतर सेलिनाच्या अंगणात जेवण होतं. पेकी नावाच्या फळाचा पिवळा भात, सुरुबीम माशाचं कालवण, मसुराएवढ्या हिरव्या मिरच्यांचं लोणचं. सेलिनाने टेबलाच्या टोकाला सेऊ ओनोफ्रींना बसवलं आणि पेकीची बी चावू नका, काटे जिभेत घुसतील, असं नातवाला सांगावं तसं बजावलं. वाल्दिविनो त्यांच्या शेजारी बसून माशाचे काटे काढून देत होता. पियाबा आपल्या बळकट यकृताची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. देओ ताट हातात घेऊन सावलीत उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. मग झुल्मिराने हाक मारली, तसा तोही जाऊन त्यांच्यात बसला.